विश्लेषण : एक मोहरा जास्त असूनही डाव का सोडला? फिशर-बर्न लढतीतील गाजलेल्या शरणागतीमागचे गणित

पटावर एक मोहरा जास्त. राजाला शह नाही. प्रतिस्पर्ध्याने नुकतीच केलेली चाल दिसायला अगदी साधी. तरीही पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या रॉबर्ट बर्नने बॉबी फिशरविरुद्धचा डाव काळ्याच्या २१व्या चालीनंतर सोडून दिला. त्याच वेळी दुसऱ्या दालनात प्रेक्षकांना हा डाव समजावून सांगणारे दोन ग्रँडमास्टर मात्र बर्नच जिंकतो आहे, असे मानत होते. जाणकारांना विजय दिसत होता, तिथे बर्नला पराभव कसा दिसला? आणि त्याचे बरोबर होते का?

ही लढत नेमकी कोणती?

अमेरिकेची १९६३-६४ची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा न्यूयॉर्कमध्ये झाली. १२ खेळाडू आणि प्रत्येकाचे ११ डाव, असे तिचे स्वरूप होते. २० वर्षांच्या फिशरने हे ११ही डाव जिंकले. ना एक पराभव, ना एक बरोबरी. दुसऱ्या क्रमांकावरील लॅरी इव्हान्सपेक्षा त्याचे साडेतीन गुण जास्त होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेत असे निर्भेळ यश दुसऱ्या कुणालाही मिळालेले नाही.

या ११ विजयांमध्ये सर्वाधिक चर्चा झाली ती डिसेंबर १९६३ मध्ये बर्नविरुद्ध खेळलेल्या डावाची. या डावाला स्पर्धेतील सर्वात देखण्या खेळाचे पारितोषिकही मिळाले. बर्न त्या वेळी ३५ वर्षांचा होता आणि अमेरिकेच्या आघाडीच्या खेळाडूंमध्ये त्याची गणना होत होती. पुढे १९७२ मध्ये तो राष्ट्रीय विजेता झाला. त्याच वर्षापासून ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये त्याने सुरू केलेले बुद्धिबळाचे सदर २००६ पर्यंत चालले. म्हणजे डाव सोडणारा खेळाडू कुणी नवखा नव्हता.

शरणागतीबाबत नियम काय सांगतो?

बुद्धिबळात राजा प्रत्यक्ष मारला जात नाही. मात झाली की डाव संपतो. पण अव्वल दर्जाच्या स्पर्धांमध्ये पटावर मात झालेली क्वचितच दिसते. पराभव अटळ आहे, हे कळले की खेळाडू स्वतःहून डाव सोडतो. आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाच्या म्हणजे ‘फिडे’च्या नियमांनुसार एखाद्या खेळाडूने शरणागती जाहीर करताच डाव तिथल्या तिथे संपतो आणि प्रतिस्पर्धी विजयी ठरतो. ती मागे घेण्याची सोय नाही. म्हणूनच डाव सोडण्यापूर्वी खेळाडू शेवटची आकडेमोड करतो. वाचण्याची एकही वाट उरलेली नाही ना, याची तो स्वतःशी खातरजमा करतो. बर्ननेही नेमके हेच करायला हवे होते, आणि त्याने ते केले का, हे पाहण्यासाठी आधी डाव समजून घ्यायला हवा.

डाव तिथपर्यंत पोहोचला कसा?

पटावरच्या ६४ घरांना नावे असतात. पांढऱ्याच्या डावीकडून उभ्या रांगांना ए ते एच ही अक्षरे आणि पांढऱ्याच्या बाजूपासून आडव्या रांगांना १ ते ८ हे आकडे. एवढे ध्यानात ठेवले तर पुढचा डाव समजायला अडचण येत नाही.

सुरुवात अत्यंत शांत झाली. मध्यातील प्याद्यांची मारामारी झाली आणि दोन्ही बाजूंची रचना आरशातल्या प्रतिबिंबासारखी सारखी दिसू लागली. अशा स्थितीत बहुतेक डाव बरोबरीकडे झुकतात. फिशरला ते नको होते. १२व्या चालीला त्याने राजापुढचे प्यादे दोन घरे पुढे नेले. त्यामुळे प्याद्यांची अदलाबदल होऊन त्याचे डी५ वरचे प्यादे एकाकी पडले. पुस्तकी हिशेबात हा दोष. त्याच्या बदल्यात फिशरचे दोन्ही उंट, घोडे आणि ई रांगेतला हत्ती असे सगळे मोहरे एकाच वेळी मोकळे झाले.

या एकाकी प्याद्यावर दाब आणण्यासाठी बर्नने १४व्या चालीला हत्ती डी१ वर आणला. कल्पना योग्य होती, पण दोन हत्तींपैकी त्याने निवडला तो एफ१ वरचा.

तीच चूक ठरली का?

हो, आणि फिशरने स्वतः केलेल्या विश्लेषणातही याच चालीवर बोट ठेवले. एफ१ वरचा हत्ती राजाशेजारच्या एफ२ या घराची राखण करत होता. तो हलताच त्या घराला एकट्या राजाचा आधार उरला. शिवाय कोपऱ्यातला ए१ वरचा हत्ती डाव संपेपर्यंत तिथेच बसून राहिला. बर्नने ए१ वरचा हत्ती आणला असता तर पुढचा हल्ला अशा रीतीने झालाच नसता. ‘दोनपैकी कोणता हत्ती?’ हा प्रश्न खेळाडूंना रोज पडतो आणि उत्तर चुकल्याची शिक्षा सहसा इतकी कठोर नसते. येथे ती सात चालींत मिळाली.

फिशरचा घोडा डी३ वर येऊन बसला. बर्नने वजीर सी२ वर नेऊन त्याला आव्हान दिले. घोडा मागे फिरेल, असे वाटत असतानाच त्याने एफ२ वरचे प्यादे मारले. बर्नच्या राजाने घोडा घेतला. लगेच दुसरा घोडा जी४ वर शह देत आला. राजा जी१ वर परतला आणि घोड्याने ई३ वरचे प्यादेही टिपले. आता हा एकच घोडा पांढऱ्याचा वजीर, हत्ती आणि जी२ वरचा उंट अशा तिघांवर डोळा ठेवून होता. बर्नने वजीर डी२ वर हलवून वाचवला.

सगळ्यांची गल्लत करणारी चाल कोणती?

या टप्प्यावर कुठलाही खेळाडू घोड्याने डी१ वरचा हत्ती मारेल. तसे झाले असते तर फिशरच्या पदरात दोन घोड्यांच्या बदल्यात एक हत्ती आणि दोन प्यादी पडली असती. आकड्यांत हा सौदा बरा दिसतो. पण बर्नचे मोहरे मग नीट सावरले असते आणि फिशरचे एकाकी प्यादे उघडे पडले असते. बर्नचा अंदाज तोच होता. त्याने नंतर लिहिले आहे की, काळ्यासाठी उघड उघड हरलेला असा मार्ग फिशरने का निवडावा, याचेच त्याला कोडे पडले होते.

फिशरने हत्तीकडे ढुंकूनही पाहिले नाही. त्याने घोड्याने जी२ वरचा उंट मारला. बर्नच्या राजाने घोडा परत घेतला. कागदावर फिशर आता एका मोहऱ्याने मागे पडला होता. मग हत्ती सोडून उंटच का?

कारण तो उंट पांढऱ्या घरांवरून फिरणारा होता. राजाभोवतालची एफ३, जी२, एच३ ही पांढरी घरे तोच सांभाळत होता. तो गेला आणि राजाचे छप्परच उडाले. बर्नकडे उरलेला दुसरा उंट ए३ वर, म्हणजे काळ्या घरांवर होता. या घरांच्या रक्षणासाठी त्याचा काडीचाही उपयोग नव्हता.

पुढच्या चालीत फिशरने ते एकाकी प्यादे डी४ वर ढकलून सरळ बळी दिले. डी५ हे घर रिकामे झाले आणि उंटासाठी लांबलचक तिरकी रांग खुली झाली. बर्नने घोड्याने प्यादे मारले. फिशरच्या उंटाने बी७ वरून शह दिला. राजा एफ१ वर सरकला. आणि २१व्या चालीला फिशरने वजीर डी७ वर ठेवला. ना शह, ना मारामारी.

इथे बर्नने डाव सोडला.

त्या क्षणी पटावर काय होते?

पांढऱ्याकडे वजीर, दोन हत्ती, दोन घोडे, एक उंट आणि चार प्यादी. काळ्याकडे वजीर, दोन हत्ती, दोन उंट आणि पाच प्यादी. म्हणजे बर्नकडे एक मोहरा जास्त आणि फिशरकडे केवळ एक प्यादे जास्त. साध्या बेरजेत बर्न पुढेच होता.

पण डी७ वरचा वजीर एकाच वेळी दोन कामे करत होता. एकीकडे तो एच३ वर येऊन शह देण्याच्या तयारीत होता. दुसरीकडे जी७ वरच्या उंटाच्या जोडीने तो डी४ वरच्या घोड्यावर दाब टाकत होता. बर्नने काहीच केले नाही तर वजिराचा एच३ वर शह, मग उंटाने डी४ वरचा घोडा मारून पुन्हा शह आणि शेवटी वजिराने जी२ वर मात, असा सरळ बेत होता.

बर्नपुढे कोणते पर्याय होते?

पहिला, सर्वात स्वाभाविक पर्याय म्हणजे वजीर एफ२ वर आणणे. त्याने जी२ चे रक्षण होते आणि फिशरच्या एफ७ वरच्या प्याद्यावर हल्लाही होतो. त्यावर फिशरचा वजीर एच३ वर शह देतो, राजा जी१ वर जातो. आता जर काळ्या उंटाने घाईने डी४ वरचा घोडा मारला, तर पांढऱ्याचा डी१ वरचा हत्ती तो उंट परत घेतो आणि हल्ला थंडावतो. म्हणून फिशर आधी आपला हत्ती ई१ वर फेकतो. हा शह असल्याने उत्तर द्यावेच लागते. वजिराने तो हत्ती मारला तर जी२ वर तत्काळ मात. डी१ वरच्या हत्तीने मारला तर त्याची डी रांगेवरची राखण सुटते. मग उंट डी४ वरचा घोडा मारतो. आता एफ२ वरचा वजीर आणि त्यामागचा राजा एकाच तिरक्या रेषेत सापडतात. वजीर ती रेषा सोडून जी२ चे रक्षण करू शकत नाही. पुढची चाल जी२ वर मात. ती टाळायची तर वजीरच गमवावा लागतो.

दुसरा पर्याय घोडा डी४ वरून बी५ वर नेण्याचा. त्यामुळे डी रांग मोकळी होऊन वजिरांच्या अदलाबदलीचा प्रस्ताव ठेवला जातो. पण फिशरचा वजीर एच३ वर शह देत निसटतो. राजा जी१ वर जातो आणि काळा उंट एच६ वर येऊन डी२ वरच्या वजिरावर झेप घेतो. तोच उंट पुढे ई३ वर शह देण्याच्या तयारीत असतो. पांढऱ्याने काहीही केले तरी मात होते किंवा वजीर जातो.

तिसरा पर्याय सर्वात चिवट. राजा एफ१ वरून जी१ वर घेणे. फिशरचा उंट शह देत घोडा मारतो, पांढरा वजीर उंटाला मारतो आणि पुन्हा तीच चाल येते, हत्ती ई१ वर शह. पांढऱ्या हत्तीने तो मारला तर डी४ वरच्या वजिराचा आधार जातो. म्हणून राजाला एफ२ वर यावे लागते. वजिरांची अदलाबदल होते आणि फिशरचा हत्ती कोपऱ्यातला, डावभर न हललेला ए१ वरचा हत्ती उचलतो. हिशेब लावला तर पांढऱ्याच्या घोड्याच्या जागी काळ्याकडे हत्ती आणि वर एक प्यादे जास्त. येथे लगेच मात नाही, पण या दर्जाच्या खेळात ही आघाडी पुरेशी असते. त्यातही समोर फिशर.

थोडक्यात, दोन वाटांवर मात किंवा वजिराची हानी आणि तिसऱ्या वाटेवर लांबवलेला पराभव. बर्नची शरणागती अचूक होती.

समालोचकांना ते का दिसले नाही?

त्यांच्याकडे आकलनाची कमतरता नव्हती. फरक होता तो वाटचालीचा. समालोचकांपुढे एक तयार स्थिती आली आणि त्यांनी ती नेहमीच्या मापाने मोजली. मोहरे किती? शह आहे का? तातडीचा धोका दिसतो का? एक मोहरा जास्त, शह नाही, म्हणजे पांढरा सुस्थितीत. बहुसंख्य डावांत हे माप बरोबर उत्तर देते.

बर्न मात्र चार चालींपूर्वीच तोंडघशी पडला होता. हत्ती घेण्याऐवजी उंट का मारला, या प्रश्नाने त्याला पटाकडे नव्याने बघायला लावले. आपला जास्तीचा उंट ए३ वर निरुपयोगी आहे, हत्ती कोपऱ्यात अडकला आहे आणि राजाभोवतीची पांढरी घरे मोकळी आहेत, हे त्याला एकेका चालीबरोबर कळत गेले. मोहरे जास्त असणे आणि ते मोहरे लढाईच्या ठिकाणी हजर असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राजाजवळच्या त्या कोपऱ्यात प्रत्यक्षात फिशरचेच बळ जास्त होते.

विशेष म्हणजे ही हकिकत जगाला कळली ती बर्नमुळेच. डाव सोडतानाही दुसऱ्या दालनातले ग्रँडमास्टर आपल्याला जिंकलेला समजत होते, हे त्यानेच नंतर लिहिले. आणि १८वी चाल येईपर्यंत आपल्यालाही फिशरचा बेत कळला नव्हता, हेही त्याने दडवले नाही.

मग फिशर नाराज का झाला?

या शरणागतीने फिशरची निराशा झाली. बर्न वजीर एफ२ वर आणेल आणि आपल्याला हत्ती ई१ वर फेकायची संधी मिळेल, अशी त्याला आशा होती. संपूर्ण डावातली सर्वात देखणी चाल तीच ठरली असती. पण ती पटावर कधी आलीच नाही. आज ती केवळ विश्लेषणात वाचायला मिळते.

यामागे एक योगायोगही आहे. १९५६ मध्ये न्यूयॉर्कमध्येच १३ वर्षांच्या फिशरने वजिराचा बळी देऊन एक डाव जिंकला आणि तो ‘शतकातील डाव’ म्हणून ओळखला जाऊ लागला. त्या डावात समोर होता रॉबर्टचा धाकटा भाऊ डोनाल्ड बर्न. डोनाल्डने डाव सोडला नाही. ४१व्या चालीला मात होईपर्यंत तो खेळला आणि त्या डावातली प्रत्येक चाल पटावर उतरली. थोरल्या भावाने सात वर्षांनी उलटा मार्ग धरला. एका भावामुळे प्रेक्षकांना पूर्ण डाव पाहायला मिळाला, दुसऱ्यामुळे त्यांना शेवट स्वतः शोधावा लागला. नियमांत आणि शिष्टाचारात दोन्ही बसते. मात दिसत असताना उगाच वेळ न काढणे हा प्रतिस्पर्ध्याच्या कौशल्याचा मान समजला जातो, तसाच एखादा सुंदर डाव पूर्ण होऊ देणे हाही.

शरणागती चुकू शकते का?

नक्कीच. १९०२ मध्ये माँटे कार्लोच्या स्पर्धेत इग्नाझ फॉन पोपिएलविरुद्ध खेळताना गेऑर्ग मार्कोला आपला अडकलेला उंट जाणार असे वाटले आणि त्याने डाव सोडला. प्रत्यक्षात तोच उंट जी१ वर नेला असता तर मातेची धमकी उभी राहून मार्को स्वतःच जिंकला असता. मे १९९७ मध्ये ‘डीप ब्लू’ संगणकाविरुद्धच्या दुसऱ्या डावात गॅरी कास्पारोव्हने शरणागती पत्करली. नंतरच्या विश्लेषणात तिथे सततच्या शहांनी बरोबरी साधण्याची वाट दाखवण्यात आली.

या दोघांना जे भोवले, त्यातून बर्नच्या निर्णयाचे महत्त्व कळते. मार्कोने एक मोहरा जाणार म्हणून डाव सोडला, म्हणजे त्याने मोहरे मोजले. बर्नकडे एक मोहरा जास्त होता, त्याने चाली मोजल्या.

आज हा डाव झाला असता तर?

आता मोबाइलवर डाव पाहताना पटाशेजारी संगणकाच्या मूल्यमापनाची पट्टी दिसते. बर्नच्या या डावात ती केव्हाच काळ्याकडे झुकलेली दिसली असती आणि समालोचकांची फसगत झाली नसती. मात्र ती पट्टी कोण जिंकतो आहे एवढेच सांगते, का जिंकतो आहे हे नाही. त्यासाठी बुद्धिबळाच्या एखाद्या अॅपवर ही शेवटची स्थिती मांडून, संगणक बंद ठेवून, पांढऱ्याकडून एकेक चाल करून पाहावी. वजीर एफ२ वर नेला की काय होते, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावर बर्नला आणखी खेळावेसे का वाटले नाही, हे लगेच कळते.